कोठडीतील प्रार्थना आणि एक सिंफनी

आधुनिक सिंफनींपैकी आम्हांस सर्वांत प्रिय ती पोलंडच्या हेन्रिक गुरेत्स्की यांची तिसरी, 'शोकगीतांची सिंफनी'. १९७६ साली रचलेल्या या कृतीचे तिन्ही भाग संथ आहेत. (प्रथम ऐकताना आम्हांसही ती कंटाळवाणी वाटली होती, हे कबूल केले पाहिजे.) पहिल्या भागात पंधराव्या शतकातील मरियामातेचा विलाप आहे, तिसऱ्यात, उठावात हरवलेल्या पुत्राला शोधणाऱ्या आईचे लोकगीत.

परंतु आमचे मन खिळते ते दुसऱ्या भागापाशी. १९४४ साली झाकोपाने येथील गेस्टापोच्या कोठडीत अठरा वर्षांच्या एका मुलीने भिंतीवर छोटीशी प्रार्थना कोरली. इतर कैद्यांच्या लिखाणात निरपराधित्वाचा आक्रोश होता, सूडाची मागणी होती. हिने मात्र आईला रडू नकोस असे विनवले आणि मरियेचा धावा केला. गुरेत्स्कींना भिडले ते हेच. क्रूसापाशी उभ्या असलेल्या मातेचे ध्यान आपण उपवासकाळात करतो. येथे लेकच आईचे सांत्वन करते आहे!

१९७७ साली फ्रान्समधील रोयाँ येथे ही सिंफनी प्रथम सादर झाली, तेव्हा अनेक समीक्षकांनी नाके मुरडली. १९९२ साली निघालेल्या ध्वनिमुद्रणाच्या मात्र दहा लाखांहून अधिक प्रती खपल्या.