दात्याची वाणी आणि दानाचा हिशेब

नाशिकजवळच्या पांडवलेण्यांत क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा एक शिलालेख आहे. भिक्षुसंघास लेणें अर्पण करून त्यानें सोबत ३,००० कार्षापणांचा कायमचा निधि दिला. त्यांपैकीं २,००० कोष्ट्यांच्या एका श्रेणीपाशीं दरमहा शेंकडा एक या व्याजानें ठेवले, व १,००० दुसऱ्या श्रेणीपाशीं पाऊण टक्क्यानें. मुद्दल परत घ्यावयाचें नाहीं, केवळ व्याज वापरावयाचें. पहिल्या रकमेच्या व्याजांतून वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंस प्रत्येकीं बारा कार्षापण वस्त्रासाठीं मिळावयाचे. वर्षाचें व्याज २४०, आणि वीस जणांच्या वस्त्रांचा खर्चही २४०. हें सर्व नगरसभेंत ऐकवून फलकावर नोंदविलें, असेंही लेख सांगतो. सुमारें एकोणीस शतकें लोटल्यावर आजचा शाळकरी मुलगादेखील तो हिशेब ताडून पाहूं शकतो.

आपल्याकडे गुप्तदानाची थोरवी लहानपणापासून कानांवर पडते, आणि ती खोटी नाहीं. परंतु एखाद्या निधीच्या व्याजावर हजारो माणसांचें शिक्षण, औषधोपचार आणि संशोधन अवलंबून राहूं लागलें, म्हणजे तें केवळ दान राहत नाहीं. ती एक सत्ता होते. सत्तेनें मौन धरलें तर लोकांस संशय येतो, आणि ती बोलूं लागली तर आत्मस्तुतीचा वास येतो. मग दात्यानें बोलावें तरी कसें? या प्रश्नाचा इतिहास अमेरिकेंत फार स्पष्ट वाचावयास मिळतो.

रॉकफेलर फाउंडेशनची सनद अमेरिकन काँग्रेसकडून मिळविण्याचा प्रयत्न १९१० सालीं सुरू झाला. इतकी संपत्ति एका घराण्याच्या हातीं असतां ती लोककल्याणाच्या नांवाखालीं कायमची सुरक्षित होईल, ही शंका त्या वेळीं अनेकांनीं बोलून दाखविली. काँग्रेसची संमति मिळाली नाहीं. अखेर १९१३ सालीं न्यूयॉर्क राज्यानें सनद दिली. थोड्याच काळांत फाउंडेशनचा निधि १० कोटि डॉलरांवर गेला. धाकटे जॉन रॉकफेलर तिचे अध्यक्ष झाले. तेच गृहस्थ कोलोरॅडोंतील एका मोठ्या कोळसा कंपनीचे संचालक होते, आणि कंपनींत त्यांच्या घराण्याचें भांडवल गुंतलेलें होतें.

त्या खाणींतील मजूर संपावर होते. कंपनीच्या घरांतून बाहेर काढल्यामुळें त्यांचीं कुटुंबें लडलो येथें तंबूंत राहत असत. २० एप्रिल १९१४ रोजीं राज्याच्या सैनिकांशीं त्यांची चकमक झाली व तंबू जाळण्यांत आले. एका तंबूखालच्या खड्ड्यांत आश्रय घेतलेल्या दोन स्त्रिया आणि अकरा मुलें गुदमरून मेलीं. देशभर संतापाची लाट उसळली.

तेव्हां धाकट्या रॉकफेलरांनीं आयव्ही ली या प्रसिद्धितज्ज्ञास पाचारण केलें. आपलें काम उघडपणें चालेल व आपण पुरविलेली माहिती अचूक असेल, असें जाहीर वचन याच लीनें १९०६ सालीं वृत्तपत्रांस दिलें होतें. आतां मात्र खाणमालकांच्या नांवें पत्रकें निघूं लागलीं आणि त्यांमागील लेखणी कोणाची, हें प्रथम झांकून ठेवण्यांत आलें. एका पत्रकांत तर संघटनेच्या पुढाऱ्याचें वर्षाचें वेतन केवळ नऊ आठवड्यांचें म्हणून छापलें गेलें. पुढें सरकारी औद्योगिक आयोगापुढें साक्ष देतांना, मालकांनीं पुरविलेली माहिती आपण स्वतः पडताळून पाहिली नव्हती, हें लीला कबूल करावें लागलें.

याच सुमारास फाउंडेशननें औद्योगिक संबंधांच्या अभ्यासासाठीं कॅनडाचे मॅकेंझी किंग यांची नेमणूक केली. अभ्यास उपयुक्त असेलही. पण तेच किंग धाकट्या रॉकफेलरांस कोलोरॅडोच्या तंट्याविषयीं सल्ला देत होते. धर्मादाय निधि मालकाच्या बचावासाठीं वापरला जात आहे, असें लोकांस वाटलें तर त्यांत त्यांचा दोष तो काय? या प्रकरणानंतर फाउंडेशननें असल्या वादग्रस्त विषयांपासून दीर्घकाळ अंग राखलें.

आतां याच संपत्तीचा दुसरा व्यवहार पाहूं. १९०९ सालीं रॉकफेलरांनीं अमेरिकेच्या दक्षिण भागांतील अंकुशकृमीच्या रोगाविरुद्ध १० लाख डॉलर दिले. उत्तरेकडील धनिक आपल्याला रोगट ठरवितात, म्हणून तेथील कित्येक वृत्तपत्रें चिडलीं. मोहिमेचे चालक विक्लिफ रोझ यांनीं त्यांस पत्रकांनीं उत्तर देण्याऐवजीं राज्यांच्या आरोग्यखात्यांस पुढें केलें आणि स्वतः मागें राहिले. गांवोगांवीं फिरते दवाखाने भरूं लागले. शेतकरी कुटुंबांसह येत, सूक्ष्मदर्शकांतून तो कृमि आणि त्याचीं अंडीं स्वतःच्या डोळ्यांनीं पाहत, औषध घेत व शेजाऱ्यास जाऊन सांगत. रोगाचें निर्मूलन झालें नाहीं, परंतु लोकांचा विश्वास बसला.

दोन्ही ठिकाणीं पैसा एकाच घराण्याचा होता, आणि लोकांस कांहींतरी पटवून देणें हाही हेतु दोन्हीकडे होता. भेद एवढाच कीं, लीच्या वाचकाजवळ पत्रकांतील आंकडा तपासण्याचें साधन नव्हतें, आणि दवाखान्यांतील शेतकऱ्याच्या पुढ्यांत सूक्ष्मदर्शक ठेवलेला होता. एकानें ऐकणाऱ्याकडून नुसता विश्वास मागितला. दुसऱ्यानें खात्री करून घेण्याची सोय दिली.

हा धडा अमेरिकेस सावकाश उमगला. १९५२ सालीं फाउंडेशनांची चौकशी करणाऱ्या काँग्रेसच्या समितीपुढें कार्नेगी कॉर्पोरेशनचे रसेल लेफिंगवेल यांनीं, अशा संस्थांचे खिसे कांचेचे असावेत, अशा अर्थाची साक्ष दिली. १९५६ सालीं या संस्थांची माहिती सर्वांस खुली करणारें एक ग्रंथालय न्यूयॉर्क येथें स्थापन झालें. १९६९ च्या करकायद्यानें तर खाजगी फाउंडेशनांस आपला वार्षिक हिशेब लोकांच्या पाहणीसाठीं खुला ठेवणें भाग पाडलें.

आज मोठ्या फाउंडेशनांत ‘कम्युनिकेशन्स’चें स्वतंत्र खातें असतें. कोणती गोष्ट कोणास, केव्हां आणि कोणत्या शब्दांत सांगावी, याचा विचार तेथें पगारी माणसें करितात. या व्यवसायास आम्ही नांवें ठेवीत नाहीं. चांगल्या कार्याची वार्ता योग्य माणसापर्यंत पोंचली नाहीं तर गरजू विद्यार्थी अर्ज करणार नाहीं आणि रोगी दवाखान्यांत येणार नाहीं. परंतु त्या खात्यांतून निघणारा सुबक छपाईचा अहवाल हातीं आला, म्हणजे त्यांतील हंसऱ्या मुलांचीं चित्रें पाहण्यापूर्वीं आम्ही एवढेंच शोधतों, कीं किती दिले, कोणास दिले, आणि जें योजिलें होतें त्यांपैकीं काय साधलें नाहीं. हें तिसरें सहसा सांपडत नाहीं.

उषवदातानेंही स्वतःची कीर्ति गाण्यांत कसर केलेली नाहीं. त्यानें दिलेल्या गाईंची आणि गांवांची मोजदाद त्याच लेण्यांत कोरलेली आहे. तरी आम्हांस त्याचा राग येत नाहीं, कारण त्या स्तुतीशेजारींच मुद्दल, व्याजाचा दर आणि घेणाऱ्यांची संख्या लिहिलेली आहे. दात्यानें खुशाल बोलावें. मात्र त्याच्या बोलण्याची बेरीज आपणांस करून पाहतां आली पाहिजे.