मांजराचे अनुगमन

मांजराचे अनुगमन म्हणजे पाळीव मांजराने आपल्या परिचित माणसाच्या मागोमाग घरात, अंगणात किंवा घराबाहेर फिरणे. बोलीत या वर्तनाला ‘पायांत घोटाळणे’ किंवा ‘मागे मागे फिरणे’ असे म्हणतात. कुत्रा माणसाला धरून असतो आणि मांजर घराला, असा समज महाराष्ट्रात सर्वत्र आढळतो. मांजराच्या अनुगमनाचा अभ्यास या समजाला अंशतः छेद देतो. घर सोडताना मांजराचे काय करावे, हा व्यवहारातला प्रश्नही या समजाशी निगडित आहे.

पार्श्वभूमी

पाळीव मांजराचा (फेलिस कॅटस) पूर्वज म्हणजे फेलिस लायबिका हे रानमांजर होय. जगातील पाळीव मांजरांचे मूळ पश्चिम आशियातील या रानमांजरात आहे, असे 2007 साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासातून दिसून आले. सायप्रस बेटावर सुमारे 9,500 वर्षांपूर्वीच्या एका दफनात माणसाशेजारी पुरलेले मांजर सापडले आहे. धान्याच्या साठ्यांमुळे उंदीर वस्तीत आले आणि उंदरांमागे मांजर आले, असे सामान्यतः मानले जाते.

हा पूर्वज एकट्याने शिकार करणारा आहे. कुत्र्याचा पूर्वज लांडगा मात्र कळपाने राहतो आणि कळपाबरोबर चालतो. त्यामुळे कुत्र्याने माणसामागे चालणे हे त्याच्या मूळ स्वभावाला धरून आहे. मांजराचे अनुगमन मात्र बऱ्याच अंशी माणसाच्या सहवासात घडलेले वर्तन आहे.

स्वरूप

अनुगमन करणारे मांजर बहुधा शेपटी उभी ठेवून चालते. उभी शेपटी ही मांजरांमधील स्नेहाची खूण आहे. पिल्ले आईकडे जाताना ती करतात. मांजर गाल, कपाळ आणि शेपटीचे मूळ माणसाच्या पायांवर घासते. या भागांतील गंधग्रंथींचा स्राव पायांना लागतो आणि तो माणूस मांजराच्या परिचित गंधांत समाविष्ट होतो. काही मांजरे मागे न चालता पुढे चालतात आणि थांबून वळून पाहतात. काही मांजरे प्रत्यक्ष मागे न फिरता, माणूस ज्या खोलीत जाईल त्या खोलीत जाऊन बसतात. हेही अनुगमनाचेच प्रकार मानले जातात.

कारणे

अनुगमनामागे सहसा एकाहून अधिक कारणे असतात.

अन्नाची अपेक्षा : माणूस स्वयंपाकघराकडे वळला की खायला मिळते, हे मांजर लवकर शिकते. मागे आलेल्या मांजराला दरवेळी घास मिळत गेल्यास ही सवय पक्की होते.

दिनक्रम : मांजर पहाटे आणि सायंकाळी अधिक चपळ असते. घरातील माणसांची लगबगही याच वेळी असल्याने अनुगमन तेव्हा अधिक दिसते.

पिल्लूपणातील संस्कार : जन्मानंतरच्या दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात माणसाचा हात लागलेली पिल्ले पुढे माणसाळलेली राहतात, असे अमेरिकेतील संशोधक आयलीन कार्श यांच्या प्रयोगांतून दिसले. या काळात माणसापासून दूर वाढलेले पिल्लू पुढे क्वचितच कोणाच्या मागे फिरते.

लळा : अन्न न देताही काही मांजरे एकाच विशिष्ट व्यक्तीच्या मागे फिरतात. याचा खुलासा केवळ भुकेने होत नाही.

संशोधन

जपानमधील संशोधक अत्सुको साइतो आणि सहकारी यांनी 2013 साली दाखवले की मांजर मालकाचा आवाज परक्या आवाजाहून वेगळा ओळखते. मात्र ते बहुधा कान व डोके वळवूनच प्रतिसाद देते, उठून येत नाही. मांजरे स्वतःचे नाव इतर शब्दांतून ओळखतात, हे 2019 साली याच संशोधिकेच्या अभ्यासात आढळले. जपानमध्येच झालेल्या 2021 च्या एका प्रयोगात मालकाचा आवाज अनपेक्षित ठिकाणाहून ऐकवला असता मांजरांनी आश्चर्य दर्शवले. मालक दिसत नसतानाही तो कोठे आहे याची नोंद मांजर मनात ठेवते, असा निष्कर्ष त्यावरून काढण्यात आला.

अमेरिकेतील ऑरेगन राज्य विद्यापीठात क्रिस्टिन विटाले आणि सहकाऱ्यांनी पिल्लांना अनोळखी खोलीत दोन मिनिटे मालकाबरोबर, दोन मिनिटे एकटे आणि पुन्हा दोन मिनिटे मालकाबरोबर ठेवले. वर्गीकरण करता आलेल्या पिल्लांपैकी 64.3 टक्के पिल्ले मालक परतल्यावर शांत होऊन पुन्हा खोली धुंडाळू लागली. प्रौढ मांजरांत हे प्रमाण 65.8 टक्के होते (2019). याउलट इंग्लंडमधील लिंकन विद्यापीठाच्या 2015 च्या अभ्यासाला मांजर सुरक्षिततेसाठी मालकावर अवलंबून असल्याचा स्पष्ट पुरावा मिळाला नाही. मांजराला माणसाचा लळा असतो, याला आधार आहे. परंतु तो कुत्र्याच्या लळ्यासारखाच असतो, असे म्हणता येत नाही.

हिंगोली परिसरातील संदर्भ

हिंगोली जिल्हा 1 मे 1999 रोजी परभणी जिल्ह्यातून वेगळा झाला. हिंगोली, कळमनुरी, वसमत, सेनगाव आणि औंढा नागनाथ हे त्याचे पाच तालुके होत. ज्वारी, तूर, सोयाबीन, कापूस व हळद पिकवणाऱ्या या भागात शेतकऱ्याच्या घरी मांजर प्रामुख्याने धान्याच्या पोत्यांतील उंदरांसाठी सांभाळले जाते. धार काढण्याच्या वेळी ते गोठ्यात घुटमळते आणि जेवणाच्या वेळी ताटाभोवती फिरते. कामासाठी ठेवलेला हा प्राणी अशा रीतीने घरातल्या एखाद्या व्यक्तीचा सोबती होतो.

जिल्ह्यातील नर्सी हे गाव परंपरेने संत नामदेवांचे जन्मस्थान मानले जाते. पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे नामदेव तुपाची वाटी घेऊन धावले, ही कथा सर्वपरिचित आहे. या कथेत प्राणी माणसामागे जात नाही, तर माणूस प्राण्यामागे जातो.

ऊसतोडणीच्या हंगामात मराठवाड्यातील अनेक कुटुंबे काही महिन्यांसाठी गाव सोडतात. घराला कुलूप लागते आणि मांजर सहसा गावातच राहते. मांजर घराचे असते, असे मानल्याने त्याच्या अन्नाची वेगळी व्यवस्था करण्याची गरज वाटत नाही. बंद घरात धान्य नसले की उंदीरही कमी होतात. अशा वेळी शेजाऱ्याकडे सोपवलेले मांजर आणि तसेच सोडलेले मांजर यांच्या स्थितीत मोठा फरक पडतो.

काळजी

अनुगमनात अचानक झालेला बदल आजाराचे लक्षण असू शकतो. एरवी अलिप्त राहणारे मांजर सतत मागे फिरू लागले, किंवा मागे फिरणारे मांजर कोपऱ्यात लपू लागले, तर पशुवैद्यकाला दाखवणे योग्य ठरते. माजावर आलेली भाटी काही दिवस अधिक लगट करते. हा आजार नव्हे.

माणसामागे रस्त्यावर किंवा शेतात येणाऱ्या मांजराला वाहने, कुत्री आणि उंदीरनाशक विष यांचा धोका असतो. विष खाऊन मेलेला उंदीर खाल्ल्यास मांजरालाही विषबाधा होऊ शकते. मांजराच्या चाव्यातून किंवा ओरखड्यातून रेबीज होऊ शकतो. त्यामुळे जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन लगेच दवाखान्यात जाणे आवश्यक असते.

घर बदलताना मांजराला प्रथम एका खोलीत, त्याच्या ओळखीच्या अंथरुणासह ठेवतात. तेथे ते स्थिरावल्यावर हळूहळू बाहेर सोडतात. अगदी लवकर मोकळे सोडल्यास ते जुन्या घराकडे परतण्याचा प्रयत्न करते. यावरून मांजराला जागेचीही ओढ असते हे दिसते. मात्र माणसाची ओढ नसते, असा त्याचा अर्थ होत नाही.

कायदेशीर बाजू

नकोसे झालेले मांजर पोत्यात घालून दुसऱ्या गावी सोडून देण्याची प्रथा ग्रामीण भागात आढळते. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या 1960 च्या केंद्रीय कायद्यातील कलम 11 नुसार, उपासमार किंवा तहान यांमुळे वेदना होतील अशा स्थितीत वाजवी कारणाशिवाय प्राण्याला सोडून देणे हा गुन्हा आहे. ही तरतूद मांजरालाही लागू होते.