काचपट्टीवरचा थेंब



ताप आला की आरोग्यसेवक दारात येतो, बोटाला सुई टोचतो आणि काचपट्टीवर रक्ताचा थेंब घेऊन जातो. महाबळेश्वरच्या वाड्यावस्त्यांवर हे आपण सगळ्यांनीच पाहिलंय. १९५८ साली देशात मलेरिया निर्मूलनाचा कार्यक्रम सुरू झाला, तेव्हापासून आपल्या आज्या-सासवाही बोट पुढं करत आल्या. आज आम्ही बचत गटाच्या बाया याच काचपट्टीची दुसरी गोष्ट सांगणार आहोत. ती तान्ह्या बाळांची आहे आणि त्यांच्या आयांना ऐकाव्या लागणाऱ्या बोलांचीही.

आपण भाकरी खाल्ली की तिची साखर होते. लगेच न लागणारी साखर शरीर यकृतात आणि स्नायूंत साठवतं, जसं आपण कणगीत धान्य भरतो. या साठ्याला ग्लायकोजेन म्हणतात. तो फोडून वापरायला एन्झाइम नावाचे पदार्थ लागतात. काही बाळांत यातलं एखादं एन्झाइम जन्मापासूनच काम करत नाही. मग कणगी भरतच जाते, पण दाणा बाहेर निघत नाही.

१९३० साली ॲमस्टरडॅममध्ये सात महिन्यांची एक मुलगी दगावली. डॉ. पोम्पे यांनी तपासलं, तर तिचं हृदय फार मोठं झालेलं आणि ग्लायकोजेननं भरलेलं. १९३२ साली त्यांनी हे जगापुढं मांडलं आणि आजाराला त्यांचंच नाव पडलं. पुढं ते नाझींविरुद्धच्या लढ्यात उतरले. १९४५ साली त्यांना गोळ्या घालून मारण्यात आलं.

याच घराण्यातला दुसरा एक आजार यकृताचा. त्यात कोणतं एन्झाइम कमी पडतं, हे १९५२ साली गर्टी कोरी आणि त्यांचे पती कार्ल यांनी दाखवलं. वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळवणाऱ्या गर्टीबाई या पहिल्या स्त्री. ते त्यांना १९४७ सालीच मिळालं होतं. पोम्पे आजारातलं एन्झाइम १९६३ साली बेल्जियमच्या डॉ. एर्स यांना सापडलं.

आता काचपट्टीकडे येऊ. थेंब काचेवर पातळ पसरतात, वाळवतात, रंग देतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरतात. पोम्पे असलेल्या बाळाच्या काही पांढऱ्या पेशींत बारीक पोकळ्या दिसतात. खास रंग दिला की त्यातलं ग्लायकोजेन किरमिजी दिसतं. तपासणी स्वस्त आणि झटपट होते. पण तिच्यावरून फक्त संशय येतो. अशा पोकळ्या दुसऱ्या काही आजारांतही असतात आणि यकृताचे प्रकार या काचेवर ओळखू येत नाहीत. म्हणून पुढं रक्तातलं एन्झाइम मोजावं लागतं, जनुकाची तपासणी करावी लागते. त्यानंतरच खात्री होते.

बाळ ढिलं पडलंय, मान धरत नाही, दूध ओढताना दमतं, धाप लागते, अशी लक्षणं असली तर वाट बघू नका. अंगारा-धुपाऱ्यात दिवस घालवू नका. डॉक्टरांना दाखवा आणि घरात आधी एखादं मूल असंच गेलं असेल तर तेही सांगा. पोम्पेवर २००६ पासून एन्झाइमचं औषध आहे. ते शिरेतून, साधारण दर दोन आठवड्यांनी, कायम द्यावं लागतं आणि अतिशय महाग आहे. केंद्र सरकारनं २०२१ साली दुर्मिळ आजारांचं धोरण आणलं. त्याखाली मदतीसाठी नेमलेल्या रुग्णालयांत मुंबईचं केईएम आहे. औषध जितकं लवकर सुरू होईल तितकं बरं.

आणि शेवटचं, पण आमच्या मते सगळ्यात महत्त्वाचं. मूल गेलं की आपल्याकडं सुनेचा पायगुण काढतात, तिच्या दुधाला नावं ठेवतात. पोम्पे आजारात बिघडलेलं जनुक आई आणि बाप दोघांकडून यावं लागतं. दोघेही स्वतः धडधाकट असतात, पण दर बाळंतपणात चारांत एक अशी शक्यता राहते. मामाच्या मुलीशी, आत्याच्या मुलाशी लग्न झालं असेल तर दोघांत एकच बिघाड असण्याचा संभव वाढतो. पुढच्या बाळाच्या वेळी आधीच सल्ला घेता येतो.

तेव्हा गटात कुणी अशा आईला बोल लावला, तर हा काचपट्टीचा इतिहास तिथं सांगा.