साफ अजिंक्यपद फुटबॉल स्पर्धा : यजमान देश व मैदाने

दक्षिण आशियाई देशांच्या पुरुष राष्ट्रीय संघांमधील स्पर्धा. १९९३ मध्ये लाहोर येथे ती सार्क सुवर्णचषक या नावाने सुरू झाली आणि २०२३ पर्यंत १४ वेळा भरली. यजमानपद भारताकडे चार वेळा, बांगलादेशाकडे तीनदा, नेपाळ व पाकिस्तानकडे प्रत्येकी दोनदा आले. श्रीलंकेने १९९५ मध्ये आणि मालदीवने २०२१ मध्ये ते एकट्याने सांभाळले, तर २००८ मध्ये दोघांनी मिळून. या प्रदेशात निव्वळ फुटबॉलसाठी राखलेले मोठे मैदान दुर्मीळ आहे. क्रिकेट आणि मैदानी खेळ यांच्याशी जागा वाटून घेतच ही स्पर्धा वाढली, आणि तिचा इतिहास वाचताना हे सतत ध्यानात ठेवावे लागते.

ढाका येथील राष्ट्रीय स्टेडियम (पूर्वीचे बंगबंधू राष्ट्रीय स्टेडियम) हे याचे ठळक उदाहरण. पाकिस्तानने मायदेशातील पहिली कसोटी १९५५ मध्ये इथेच खेळली आणि बांगलादेशाची पहिलीवहिली कसोटीही २००० मध्ये इथेच झाली. दोन्ही वेळा प्रतिस्पर्धी भारत. पुढे क्रिकेट मीरपूरला गेले व मैदान फुटबॉलकडे राहिले. गॅलऱ्यांच्या पोटात टीव्ही-रेडिओच्या दुकानांची गजबजलेली बाजारपेठ आहे. २००३ मध्ये यजमानांनी मालदीवला पेनल्टी शूटआउटमध्ये हरवून आपले एकमेव विजेतेपद इथे मिळवले. २००९ मध्ये भारताने २३ वर्षांखालील संघ पाठवला, तरी चषक त्यालाच मिळाला. २०१८ ची कथा याहून विलक्षण आहे. साखळीत एकही गोल न करता मालदीव आणि श्रीलंका सर्व बाबतींत बरोबरीत राहिले, नाणेफेकीवर मालदीव उपांत्य फेरीत गेला आणि अंतिम सामन्यात त्याने भारताला २-१ असे हरवले.

काठमांडूच्या त्रिपुरेश्वर भागातील दशरथ रंगशाळेला राणा राजवटीने १९४१ मध्ये गोळ्या घालून ठार केलेल्या दशरथ चंद यांचे नाव आहे. १२ मार्च १९८८ रोजी सामना चालू असताना गारांचे वादळ आले. आडोशासाठी प्रेक्षक दरवाजांकडे धावले, दरवाजे बंद होते, आणि चेंगराचेंगरीत सत्तरहून अधिक जीव गेले. उपखंडातील मैदानांच्या सुरक्षेची चर्चा या दुर्घटनेला वगळून होऊच नये. १९९७ ची स्पर्धा इथे भारताने जिंकली. २०१३ मध्ये अफगाणिस्तानने भारताला २-० असे नमवून आपले पहिले विजेतेपद मिळवले. २०१५ च्या भूकंपात रंगशाळेची बरीच हानी झाली, तिची नंतर दुरुस्ती करण्यात आली.

कराचीतील पीपल्स फुटबॉल स्टेडियम ल्यारी वस्तीत आहे. क्रिकेटवेड्या देशात ही वस्ती फुटबॉल आणि मुष्टियुद्धावर जीव टाकते. विश्वचषकाच्या दिवसांत तिथल्या गल्ल्यांत ब्राझीलचे झेंडे लागतात. २००५ ची स्पर्धा इथे झाली व भारताने अंतिम सामन्यात बांगलादेशाला हरवले. स्पर्धेला याहून शोभणारी वस्ती क्वचितच लाभली असेल. त्यानंतर पुरुषांची ही स्पर्धा पाकिस्तानात भरलेली नाही.

कोलंबोच्या सुगतदास स्टेडियमवर १९९५ मध्ये श्रीलंकेने भारताविरुद्ध गोल्डन गोलने चषक जिंकला. २००८ चा अंतिम सामनाही तिथेच झाला आणि मालदीव प्रथमच विजेता ठरला. माले येथील राष्ट्रीय फुटबॉल स्टेडियम दाट वस्तीच्या छोट्या बेटावर आहे. कोविडकाळातील २०२१ च्या स्पर्धेत तिथे पाचच संघ उतरले. भारताने नेपाळला ३-० असे हरवले.

भारताने मायदेशातील चारही स्पर्धा जिंकल्या. मराठी वाचकाला जवळचे मैदान मडगावच्या फातोर्ड्याचे. जवाहरलाल नेहरू स्टेडियम या नावाने ते १९८९ मध्ये उभे राहिले आणि त्याच वर्षी तिथे नेहरू चषक फुटबॉलबरोबर आंतरराष्ट्रीय एकदिवसीय क्रिकेटही झाले. १९९९ मध्ये भारताने बांगलादेशावर २-० असा विजय मिळवला. फुटबॉल घराघरांत मुरलेल्या गोव्याला ही स्पर्धा पुन्हा मिळायला हवी होती. २०११ मध्ये दिल्लीत, १९८२ च्या आशियाई खेळांसाठी बांधलेल्या नेहरू स्टेडियमवर, अफगाणिस्तानचा ४-० असा पराभव झाला. २०१५-१६ मध्ये तिरुवनंतपुरमजवळच्या कार्यवट्टम येथील ग्रीनफिल्ड स्टेडियमवर त्याच संघाला जादा वेळेत २-१ असे नमवावे लागले. बंगळूरुच्या श्री कंठीरव स्टेडियममध्ये मैदानाभोवती धावण्याचा ट्रॅक असल्याने गॅलरी खेळापासून दूर पडते. तरीही २०२३ मध्ये ते दणाणून गेले. व्हिसा उशिरा मिळाल्याने पाकिस्तानचा संघ सामन्याच्या दिवशीच शहरात पोचला व ४-० असा हरला. त्यात सुनील छेत्रीची हॅट्ट्रिक होती. निमंत्रित कुवेतविरुद्धचा अंतिम सामना शूटआउटवर गेला आणि भारताने नववे विजेतेपद मिळवले.

भूतानला या स्पर्धेचे यजमानपद अद्याप मिळालेले नाही. थिंफूचे चांगलिमिथांग मैदान समुद्रसपाटीपासून २,३०० मीटरांच्या आसपास आहे. ३० जून २००२ रोजी, विश्वचषकाच्या अंतिम सामन्याच्याच दिवशी, फिफा क्रमवारीत तळाला असलेल्या दोन संघांचा सामना तिथे झाला आणि भूतानने माँटसेराटला ४-० असे हरवले.