जिवाणूंची भाऊबंदकी

तंजावूरच्या राजवाड्याच्या परिसरात वावरताना मराठी माणसाच्या मनात अभिमान आणि विषाद हे दोन्ही भाव एकदमच उठतात. सरस्वती महालातील पोथ्या आणि मोडी कागद पाहून अभिमान वाटतो. ज्या भाऊबंदकीने हे राज्य पोखरले तिच्या स्मरणाने विषाद वाटतो. तुळजाजी राजे १७८७ साली निवर्तले. त्यांनी दत्तक घेतलेल्या सरफोजींना डावलून त्यांचे सावत्र बंधू अमरसिंह गादीवर आले आणि ईस्ट इंडिया कंपनीने त्यास मान्यता दिली. पुढे १७९८ मध्ये त्याच कंपनीने निर्णय फिरवून सरफोजींना गादी दिली, व १७९९ च्या तहाने राज्याचा कारभार आपल्या हाती घेतला. राजाकडे उरला तो किल्ला आणि भोवतालचा थोडासा मुलूख. दोघा आप्तांच्या कलहात लाभ झाला तो तिसऱ्याचा.

सत्ता गेलेल्या या राजाने आपले लक्ष विद्येकडे वळविले. त्याच्या धन्वंतरी महालात आयुर्वेद, सिद्ध, युनानी आणि पाश्चात्त्य वैद्यकाचे जाणकार एकत्र आले. अनुभवास उतरलेले उपचार तमिळ पद्यात ग्रथित झाले. नेत्ररोग्यांची टिपणे, डोळ्यांच्या चित्रांसह, जपून ठेवण्यात आली. रोग जंतूंमुळे होतात हे मात्र त्या काळी जगात कोणासच सिद्ध करता आले नव्हते. मग त्या जंतूंच्या जगातही भाऊबंदकी नांदते, हे कोणाच्या ध्यानी यावे?

ते ध्यानी आले १९२५ साली. आंद्रे ग्रातिया या बेल्जियन शास्त्रज्ञाला असे दिसले की, आपल्या आतड्यात राहणाऱ्या ई. कोलाय जिवाणूचा एक वाण एक द्रव्य सोडतो आणि त्यामुळे त्याच जातीचा दुसरा वाण मरतो. या विषास पुढे कोलिसिन हे नाव मिळाले. त्याची रीत मोठी विलक्षण आहे. हे विष ज्या दारातून शत्रूच्या अंगात शिरते ते दार केवळ सगोत्रांच्याच अंगावर असते. परके जिवाणू त्यापासून सुरक्षित राहतात. विष करणारा वाण त्यावरचा उतारा आपल्या ठायी बाळगून असतो. पण पुष्कळदा विष बाहेर पडावे म्हणून करणाऱ्या पेशीलाच फुटून मरावे लागते. तिच्या मरणाने तिच्या उरलेल्या भावंडांना जागा मोकळी होते.

या कलहाचा लाभ तिसऱ्याने, म्हणजे माणसाने, का उठवू नये? नेहमीची प्रतिजैविके शत्रुमित्र असा भेद फारसा करीत नाहीत, आणि जंतू त्यांना दाद देईनासे होत आहेत. नेमक्या एकाच कुळावर चालणारे शस्त्र म्हणूनच मोलाचे. ते प्रथम शेतीत वापरले गेले. बदाम, पीच, गुलाब यांच्या मुळांवर गाठी आणणारा एक जिवाणू आहे. ऑस्ट्रेलियात ॲलन केर यांनी १९७० नंतरच्या काही वर्षांत त्याचाच एक निरुपद्रवी आप्त हुडकून काढला. के-८४ या नावाचा हा वाण असे विष सोडतो की रोगकारक जिवाणू ते अन्न समजून आत घेतो आणि मरतो. लावणीपूर्वी रोपांची मुळे या वाणाच्या पाण्यात बुडविली की काम भागे.

परंतु येथेच एक पेच उद्भवला. विष आणि उतारा या दोहोंची कृती प्लास्मिड नावाच्या एका छोट्या जनुकवलयावर लिहिलेली असते, आणि हे वलय एका जिवाणूकडून त्याच्या आप्ताकडे जाऊ शकते. ते शत्रूच्या हाती लागले तर शत्रूही विषाला अभेद्य होणार! जो मारण्याइतका जवळचा, तो वारसा घेण्याइतकाही जवळचा. म्हणून केर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जनुकविद्येच्या साहाय्याने त्या वलयातील स्थलांतराचा भागच कापून टाकला. विष राहिले, उतारा राहिला, फक्त दान करण्याची शक्ती गेली. के-१०२६ नावाचा हा वाण १९८०च्या दशकाच्या अखेरीस ऑस्ट्रेलियात विक्रीस आला. जनुकबदल करून बाजारात आलेल्या पहिल्या सजीवांत त्याची गणना होते.

पुढची पायरी २०११ मध्ये सिंगापूरच्या शास्त्रज्ञांनी गाठली. स्यूडोमोनास हा जंतू रुग्णालयांत उपद्रव देतो, डोळ्याच्या बुबुळावर व्रणही करतो. त्याच्याच कुळातले एक विष त्यांनी ई. कोलायला करावयास शिकविले. हा जिवाणू शत्रूने सोडलेल्या रसायनांवरून त्याची चाहूल घेतो, विष तयार करतो आणि स्वतः फुटून ते मोकळे करतो. प्रयोगशाळेत हा डाव यशस्वी झाला. मात्र काचपात्रातील यश आणि रोग्याच्या शरीरातील यश यांत मोठे अंतर असते.

दप्तरात चूक झाली तर दुरुस्तीचा हुकूम काढता येतो. मातीत वा देहात सोडलेल्या सजीवाला माघारी बोलावण्याचा हुकूम कोणी काढावा? म्हणून असे औषध देताना दोन गोष्टी अगोदर झाल्या पाहिजेत. शस्त्र शत्रूच्या घरी जाण्याची वाट तोडली पाहिजे, हे के-१०२६ ने शिकविले. कोणाला काय दिले आणि त्याचे पुढे काय झाले हे प्रामाणिकपणे लिहून ठेवले पाहिजे, हे धन्वंतरी महालाने त्याच्या कितीतरी आधी शिकविले. भाऊबंदकीचा लाभ घेणाऱ्या कंपनीने तंजावुरात मुलूख मिळविला, तर भाऊबंदकीत पोळलेल्या राजाने रोग्यांची टिपणे मागे ठेविली. पुढच्या पिढीच्या उपयोगी काय पडले, याचा निवाडा सरस्वती महालात जाऊन ज्याचा त्याने करावा.