गेटवे-निवड, भ्रमणध्वनी जाळ्यातील
भ्रमणध्वनी संचाची आंतरजालाशी जोडणी झाल्यापासून ती संपेपर्यंतच्या व्यवहारास सत्र म्हणतात. सत्र सुरू होताना संचाला पत्ता देणे व त्याची माहिती कोणत्या गेटवेतून बाह्य जाळ्यात जावी हे ठरविणे, ही गाभा-यंत्रणेची प्रमुख कामे होत. जीपीआरएस पद्धतीत बाह्य गेटवेची निवड प्रवेशबिंदूच्या नावावरून होई. चौथ्या पिढीच्या मानकांत (२००८) एक गेटवे संचाच्या स्थानानुसार व दुसरा त्या नावानुसार निवडण्यात येऊ लागला. गेटवे दूरच्या शहरात असल्यास एकाच कारखान्यातील दोन यंत्रांमधील संदेशही तेथवर जाऊन परत येई. पाचव्या पिढीत (२०१८) सत्राचे नियंत्रण व माहितीचे वहन मुळातच वेगळे केल्यामुळे वहन करणारा गेटवे कारखान्याच्या आवारातही ठेवणे सुकर झाले.

पिंपरी-चिंचवड–चाकण औद्योगिक पट्ट्यात याचे महत्त्व विशेष आहे. केंद्र शासनाच्या जून २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी उद्योगांच्या खाजगी जाळ्यांना वाट करून दिली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये एअरटेल व टेक महिंद्रा यांनी चाकणच्या महिंद्रा वाहन कारखान्यातील असे जाळे जाहीर केले. वाहनांत आज्ञावली भरण्याचा वेग वाढविणे हा त्याचा एक उद्देश होता. गेटवे कोठे आहे व कोणाच्या ताब्यात आहे, यावर संदेशाला लागणाऱ्या विलंबाबरोबरच उत्पादनविषयक माहितीवरील कारखान्याचे नियंत्रणही अवलंबून असते.