जिल्हा परिषद शाळांतील माहिती तंत्रज्ञान (महाराष्ट्र)

महाराष्ट्रातील जिल्हा परिषदा आपल्या प्राथमिक शाळांत अध्यापन आणि प्रशासन या दोन्ही कामांसाठी माहिती तंत्रज्ञानाचा वापर करतात. त्यात संगणक, प्रक्षेपक, टॅबलेट, क्यूआर कोड असलेली पाठ्यपुस्तके, तसेच विद्यार्थी, शिक्षक व वेतन यांच्या नोंदींच्या संगणकीय प्रणालींचा समावेश होतो. वर्गातील साधने अनेक ठिकाणी शिक्षक व ग्रामस्थ यांच्या पुढाकाराने आली. प्रशासकीय प्रणाली मात्र मुख्यतः शासनाच्या आदेशाने लागू झाल्या.

प्रशासकीय रचना

जिल्हा परिषदेचा प्राथमिक शिक्षण विभाग शिक्षणाधिकाऱ्यांच्या अखत्यारीत असतो. त्याखाली तालुक्यासाठी गटशिक्षणाधिकारी, शाळांच्या समूहासाठी केंद्रप्रमुख आणि शाळेत मुख्याध्यापक अशी उतरंड आहे. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ अन्वये प्रत्येक शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते व तीत पालकांचे बहुमत असते. साधनांसाठी समग्र शिक्षा अभियान, जिल्हा वार्षिक योजना, ग्रामपंचायतीचा निधी, उद्योगांचा सामाजिक दायित्व निधी आणि लोकवर्गणी हे निधीचे प्रमुख मार्ग आहेत.

अध्यापनातील वापर

ठाणे जिल्ह्याच्या शहापूर तालुक्यातील पष्टेपाडा येथील शाळा ‘डिजिटल शाळा’ म्हणून प्रसिद्धीस आली. २२ जून २०१५ च्या शासन निर्णयाने ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रम सुरू झाल्यावर राज्यात अनेक शाळांनी लोकसहभागातून प्रक्षेपक व टॅबलेट घेतले. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडी (ता. माढा) येथील शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड वापरून त्यास ध्वनिफिती, चित्रफिती व स्वाध्याय जोडले. पुढे बालभारतीच्या पुस्तकांतही असे कोड छापले जाऊ लागले. डिसले यांना २०२० चा ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ हा दहा लाख डॉलरचा पुरस्कार मिळाला. केंद्र शासनाचा ‘दीक्षा’ हा अध्ययन मंच २०१७ मध्ये सुरू झाला.

मार्च २०२० मध्ये कोविड-१९ साथीमुळे शाळा बंद झाल्या. ज्या घरी स्मार्टफोन नव्हता किंवा तो दिवसभर कामावर जाणाऱ्या पालकाजवळ असे, तेथील मुले ऑनलाइन वर्गांपासून दूर राहिली. अशा मुलांपर्यंत पोहोचण्यासाठी अनेक शिक्षकांनी वाड्यावस्त्यांवर जाऊन छोट्या गटांत अध्यापन केले. जुलै २०२० पासून दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही शैक्षणिक मालिका दाखवण्यात आली.

प्रशासनातील वापर

२०१५ मध्ये सुरू झालेल्या ‘सरल’ प्रणालीत विद्यार्थी, शिक्षक व शाळा यांची माहिती भरली जाते. वेतनासाठी ‘शालार्थ’, तर राष्ट्रीय सांख्यिकीसाठी ‘यू-डायस प्लस’ प्रणाली वापरली जाते. जिल्हा परिषद शिक्षकांच्या बदल्याही संगणकीय पद्धतीने होऊ लागल्या. बदलीचे निकष आणि पसंतीक्रम एकाच प्रणालीत आल्याने प्रक्रियेतील वैयक्तिक हस्तक्षेपास वाव कमी झाला.

संचमान्यतेसाठी, म्हणजे शाळेतील मंजूर शिक्षक पदे ठरवण्यासाठी, आधार वैध विद्यार्थ्यांची संख्या विचारात घेतली जाऊ लागली. त्यामुळे बनावट पटनोंदणीस आळा बसणे अपेक्षित होते. परंतु नाव किंवा जन्मतारखेत तफावत असल्यास प्रत्यक्ष वर्गात बसणारा विद्यार्थीही गणनेतून वगळला जाऊ शकतो. कमी पटाच्या शाळेत अशा एक-दोन विद्यार्थ्यांमुळेही शिक्षकाचे पद धोक्यात येऊ शकते. ही दुरुस्ती पालकांना आधार केंद्रातून करून घ्यावी लागते.

अडचणी व आक्षेप

साधनांची खरेदी एकदाच होते. वीजदेयक, इंटरनेट आणि दुरुस्ती यांचा खर्च मात्र दरवर्षी येतो. समग्र शिक्षा अभियानाचे संयुक्त शाळा अनुदान पटसंख्येनुसार मिळते. त्यामुळे लहान शाळेच्या वाट्याला कमी रक्कम येते आणि त्यातूनच इतर किरकोळ खर्चही भागवावे लागतात. देयक थकल्यास वीजजोडणी तोडली जाते व साधने पडून राहतात. पुढाकार घेणाऱ्या शिक्षकाची बदली झाल्यावरही असेच घडते.

माहिती भरण्याच्या कामामुळे अध्यापनाचा वेळ कमी होतो, असा शिक्षक संघटनांचा आक्षेप आहे. शिक्षण हक्क अधिनियमाच्या कलम २७ नुसार जनगणना, आपत्ती निवारण व निवडणूक ही कामे वगळता शिक्षकांना अशैक्षणिक कामे देता येत नाहीत; परंतु संगणकीय नोंदी शैक्षणिक की अशैक्षणिक, याविषयी मतभेद आहेत. द्विशिक्षकी शाळेत एक शिक्षक नोंदींत गुंतल्यास दुसऱ्याला सर्व वर्ग एकत्र सांभाळावे लागतात. तसेच वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ मध्ये अठरा वर्षांखालील व्यक्तींच्या माहितीच्या वापरासाठी पालकांच्या संमतीची तरतूद असल्याने विद्यार्थ्यांच्या नोंदींची गोपनीयता हा विषयही महत्त्वाचा ठरला आहे.